नहपान केवळ लुटारू होता?



मागील अंकातील पत्रलेखकाच्या मते शक राजा नहपान म्हणजे परका लुटारू, आणि त्याच्या राजवटीचा आपल्या पुणे परिसराशी संबंध नाही. दोन्ही विधाने शिलालेखांपुढे टिकत नाहीत. हिंजवडीहून सकाळी निघून दुपारपर्यंत पाहून येता येईल अशा कार्ल्याच्या चैत्यगृहावर त्याचा जावई उषवदात याच्या ग्रामदानाचा लेख आहे. चाकणमार्गे जुन्नरला गेलात तर मानमोडी डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याने, लेखातल्या कालगणनेनुसार वर्ष 46 मध्ये, खोदवलेल्या पाण्याच्या टाक्याचा.

नाशिकच्या पांडवलेण्यातील दहाव्या लेण्याचा लेख तर हिशेबाचाच आहे. उषवदाताने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे 240 होतात, म्हणजे वर्षावासातल्या (पावसाळी मुक्कामातल्या) वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा. मुद्दलाला हात लावायचा नाही, ही अटही कोरली आहे. (आमच्या आयटी पार्कमधल्या कुणालाही हे गणित तोंडी जमेल.)

याचा अर्थ नहपान संत होता असे नव्हे. हा दानधर्म जिंकलेल्या मुलखातलाच, आणि राज्य पचवण्याचा तो एक मार्गही असावा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पुरता पाडाव केला, हेही खरेच. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारला होता. वितळवली मात्र नाहीत. पराभूताचे चलन त्याने बाजारात तसेच फिरवले.

– एक वाचक, हिंजवडी