कॅन्सरची पेशी मरायला नकार कशी देते? पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाची गोष्ट

'हा काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल आणि कॅन्सर पळून जाईल.' असा मेसेज तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर कधीतरी आला असेल. प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणूनच कॅन्सर वाढतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

प्रत्यक्षात अनेक रुग्णांच्या गाठीत प्रतिकारशक्तीच्या पेशी पोहोचलेल्या असतात. तरीही त्या हल्ला करत नाहीत. याचं एक मोठं कारण कॅन्सरच्या पेशीच्या पृष्ठभागावर असतं.

पेशी ठरवून मरतात म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि ते गरजेचंच असतं. जुन्या झालेल्या किंवा बिघडलेल्या पेशीत स्वतःला संपवण्याची यंत्रणा सुरू होते. कॅस्पेज नावाची विकरं पेशीतली प्रथिनं कापतात, पेशीचे छोटे तुकडे होतात आणि आसपासच्या पेशी ते गिळून जागा साफ करतात. १९७२ मध्ये या प्रक्रियेला 'अपॉप्टोसिस' हे नाव मिळालं. या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे पानगळ. ही प्रक्रिया कोणती जनुकं चालवतात हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना २००२ चं नोबेल मिळालं.

मरणाचा हुकूम कधी पेशीच्या आतून येतो, कधी बाहेरून. बाहेरून तो आणणाऱ्यांमध्ये टी-पेशी महत्त्वाच्या. टी-पेशी बिघडलेल्या पेशीला चिकटते, तिच्या आवरणाला परफोरिननं छिद्रं पाडते आणि ग्रँझाइम आत सोडते. त्यानं कॅस्पेज जागी होतात. दुसरा मार्ग 'फॅस' या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा. टी-पेशीनं ही कळ दाबली की पेशीचा शेवट सुरू होतो.

मग कॅन्सरची पेशी वाचते कशी?

कॅन्सरच्या काही पेशी पृष्ठभागावरचं फॅस कमी करून टाकतात. कळच नाही, तर दाबणार काय?

दुसरी युक्ती जास्त गाजलेली आहे. अनेक कॅन्सर पेशी पृष्ठभागावर 'पीडी-एल१' नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात आणतात. टी-पेशीवर 'पीडी-१' हे प्रथिन असतं. दोन्ही एकमेकांत अडकली की टी-पेशीला ब्रेक लागतो. ती समोर असूनही मारत नाही.

हा ब्रेक कॅन्सरनं शोधलेला नाही. टी-पेशींनी आपल्याच निरोगी अवयवांवर हल्ला करू नये, म्हणून शरीरानं तो ठेवला आहे. गंमत म्हणजे हल्ला करताना टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडतात आणि त्यामुळेच कॅन्सर पेशीवरचं पीडी-एल१ आणखी वाढू शकतं. म्हणजे हल्ल्यातूनच ढाल तयार होते.

म्हणूनच नुसती 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा सल्ला इथे उपयोगी नाही. अडचण ब्रेकची आहे आणि काढ्यानं हा ब्रेक सुटतो याला पुरावा नाही.

ब्रेक सोडणारी औषधं

पीडी-१ चा शोध जपानमधल्या क्योटो विद्यापीठात तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत लागला. १९९२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी काम केलं. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं. याच संशोधनातून पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब ही औषधं आली. ती पीडी-१ वर जाऊन बसतात, त्यामुळे पीडी-एल१ ला तिथे अडकता येत नाही.

पण ही औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत. काहींची गाठ विरघळते, अनेकांना फायदाच होत नाही. ब्रेक सुटल्यावर टी-पेशी फुप्फुस, आतडी, यकृत किंवा थायरॉइडवरही उलटू शकतात.

खरा प्रश्न पैशांचा

कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जेमतेम १ ते ३ टक्के रुग्णांना ही औषधं मिळतात, असं मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी एका अभ्यासात नोंदवलं आहे. त्यांनी विचारलं, मात्रा कमी केली तर?

डोक्या-मानेचा कॅन्सर बळावलेल्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी घेतली. एका गटाला तोंडानं घ्यायची तीन स्वस्त औषधं दिली. दुसऱ्या गटाला त्यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिलं. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. वर्षभरानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के, तर दुसऱ्यातले ४३.४ टक्के रुग्ण हयात होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या चाचणीत कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती. त्यामुळे दोन्ही सारख्याच, असं यावरून म्हणता येत नाही. पण ज्याला पूर्ण मात्रा कधीच परवडणार नाही, त्याच्यासाठी तुलना 'काहीच नाही'शी असते. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर घरोघरी पोहोचलेल्या आपल्या देशात हा फरक मोठा आहे.

घरात कुणाला कॅन्सर असेल, तर 'पीडी-एल१ ची तपासणी आमच्या बाबतीत उपयोगाची आहे का? कमी मात्रेचा पर्याय आहे का?' हे दोन प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. काढ्याचा तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका.