जोडणीचा संगणक : पैसा कोठे घालावा?

सोयाबीनचे पैसे हाती आले की घरात मागण्यांची रांग लागते. कोणाला तुषार संच हवा, कोणाला घरावर नवे पत्रे हवेत. आता त्यात धाकट्या चिरंजीवांची आणखी एक मागणी आली आहे : खेळ खेळण्यासाठी ताकदीचा संगणक, आणि तोही तयार नव्हे, तर सुटे भाग आणून जोडलेला. निलंग्याकडच्या एका शेतकरी बंधूंनी मुलाने लिहिलेली यादीच माझ्यापुढे ठेवली. "दीड लाखाचा मामला आहे आणि यातला एक शब्द कळत नाही. पोरगं म्हणतंय त्यावर हो म्हणू का?" असे त्यांनी विचारले. खेळ चांगला की वाईट, हा वाद आज नको. तो ज्याच्या त्याच्या घरी होतच असतो. घ्यायचे ठरले असेल तर पैसा कोठे घालावा, तेवढेच पाहू.

विहिरीचे पाणी पाहिल्याशिवाय आपण मोटार घेत नाही. येथेही तसेच आहे, फक्त विहिरीच्या जागी पडदा धरा. खेळाचे चित्र सेकंदाला ६० वेळा, चांगल्या पडद्यावर १४४ वेळा, नव्याने काढावे लागते आणि ते काम ग्राफिक्स कार्ड करते. साधा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा असेल तर ८ जीबी स्मृतीचे कार्ड बहुतेक खेळांना पुरते. २५६० बाय १४४० चा मोठा पडदा हवा असेल तर १२ जीबीचे कार्ड पाहावे. म्हणून आधी पडदा ठरवा, मग कार्ड.

या मुलाने मात्र उलटे केले होते. महागडा रायझन ९ प्रोसेसर आणि शेजारी हलके कार्ड! प्रोसेसर हिशेब करतो, चित्र काढत नाही. निव्वळ खेळासाठी सहा गाभ्यांचा रायझन ५ पुष्कळ झाला. वाचलेले पैसे कार्डात घालावेत. यादीत आणखी एक चूक होती. मदरबोर्ड एएम-५ सॉकेटचा आणि रॅम डीडीआर-४ ची. एएम-५ ला डीडीआर-५ च लागते. दोहोंची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावूनही बसत नाही. बसवू पाहिली तर मोडते. रॅम घ्यायची तर ८-८ च्या किंवा १६-१६ च्या जोडीने घ्यावी. एकटा बैल औताला जुंपत नाहीत. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस एकदम भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी केंद्रे हा माल उचलू लागली. तेव्हा एका दुकानाच्या भावावर जाऊ नये, दोन-तीन ठिकाणी विचारावे.

सुटे भाग जोडून दमदार यंत्र होते का, अशी शंका कोणी काढतो. मूळचे अकोला जिल्ह्यातील डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक असाच पुष्कळ प्रोसेसर एकमेकांना जोडून उभा केला होता. जोडणीत कमीपणा नाही, मेळ बसला पाहिजे.

आता ज्या ओळीवर मी अडलो ती सांगतो. यादीच्या शेवटी लिहिले होते : "एसएमपीएस – कोणताही."

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना १२ व्होल्टची वगैरे वीज पुरवणारा डबा. सगळा संगणक त्याच्या जिवावर चालतो आणि तो बिघडला तर जाताना इतरांनाही घेऊन जाऊ शकतो. आरटीएक्स ५०७० सारखे कार्ड एकटेच २५० वॅट ओढते आणि त्याची कंपनी ६५० वॅटचा एसएमपीएस घ्यायला सांगते. तो नामांकित कंपनीचा, '८० प्लस' शिक्क्याचा, पाच वर्षांच्या वर हमी असलेला घ्यावा. वजनाला हलका, स्वस्त डबा ६५० लिहून तेवढी वीज देईलच असे नाही.

आणि आपल्या गावची वीज कशी आहे, ते मी काय सांगावे! ६०० व्हीएचा लहान यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो; ऐन खेळात तो मान टाकतो. १००० व्हीएच्या वरचा घ्यावा. चांगल्या एसएमपीएसला चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर मानवत नाही, शुद्ध साइन लहरीचा लागतो. घराचे अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही उपसून ठेवा.

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत माणूस बसू शकत नाही, तेथे यंत्र काय करील? पेटी समोरून जाळीची, आत ओढणारे दोन पंखे पुढे आणि बाहेर फेकणारा एक मागे, अशी घ्यावी. पुढून बंद काचेची पेटी दुकानातच शोभते. मळणीच्या दिवसांत भुसा आत जातो, तो ब्लोअरने काढावा, पण पंख्याचे पाते बोटाने धरून. मोकळे फिरू देऊ नये.

खरेदीला आपल्याकडचे लोक सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जातात, कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. कोठेही जा, पक्के जीएसटी बिल घ्या, कारण हमी प्रत्येक भागाची वेगळी असते. जुने कार्ड स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे 'खाणकाम' थांबले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. अशा कार्डाचा पूर्वेतिहास विकणारा सांगत नाही.

यादी परत देताना 'कोणताही' खोडून मी वॅट आणि हमी लिहिली. मुलगाही समोर होता. त्याने रायझन ९ आपण होऊन खाली आणला, काचेची पेटी काढली, रंगीत दिव्यांची माळ काढली. एक पंखा तेवढा दिव्याचा ठेवू का, म्हणाला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ठेव बाबा.