‘लावणी’ आणि लावण्याचा मोह

‘लावणी’ची व्युत्पत्ती ‘लावण्या’तून लावण्याची हौस आपल्याकडे सुटत नाही. पेरणे-पेरणी, मांडणे-मांडणी, तसेच लावणे-लावणी; मराठी व्याकरणाची ही उघड वाट सोडून संस्कृताच्या दारी जाण्याचे प्रयोजन काय? चाल आपण लावतोच, सूरही लावतो. शिवाय कलगी-तुऱ्याच्या फडांतील भेदिक लावणीत पुराणांतील कोडी घातली जातात, अध्यात्माचा वाद झडतो. तेथे लावण्य कोठे शोधायचे? ही व्युत्पत्ती निरुपद्रवीही नाही. लावणी म्हणजे शृंगार आणि शृंगार म्हणजे नाचणारी बाई, एवढेच तिच्यापायी उरते. रचणारा हात मात्र नाहीसा होतो. परशराम शिंपी होता. सगनभाऊ शिकलगार, म्हणजे धार लावणारा.