उपरोधाची मात्रा

पदवीच्या वर्गात विडंबन शिकवताना आम्ही श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'पासून सुरुवात करतो. अलीकडे ह्या पाठाला आम्ही एक प्रात्यक्षिक जोडले आहे. विद्यार्थ्यांनी एखादा हास्यास्पद घरगुती उपाय कल्पावा आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आरोग्यसंदेशांच्या थाटात तो लिहून काढावा.

मूळ कल्पना आमची नव्हे. १९९७ साली अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाने पन्नास विद्यार्थ्यांपुढे 'डायहायड्रोजन मोनॉक्साइड'चे धोके मांडले. हे द्रव्य श्वासनलिकेत गेल्यास मृत्यू ओढवतो, आम्लवर्षेत ते असते, कर्करोगाच्या गाठींतही सापडते. त्रेचाळीस जणांनी बंदीच्या बाजूने मत दिले. हे द्रव्य म्हणजे पाणी! विधान खरे असूनही त्याची निवड व मांडणी दिशाभूल करू शकते, हे ह्याहून सोपे करून सांगणे कठीण.

आमच्या विद्यार्थ्यांनाही लिहिता लिहिता ह्या संदेशांचे व्याकरण उमगते. 'एका नामवंत डॉक्टरां'ना नाव नसते. 'सिद्ध झाले आहे' ह्या क्रियापदाला कर्ता नसतो. आधी भय, मग उपाय, आणि शेवटी 'आपल्या माणसांना जरूर पाठवा'. म्हणजे न पाठवणारा प्रेमात उणा ठरतो. निवेदक कोण, तो कोणाशी बोलतो, काय गाळतो, हे प्रश्न विचारायला वाङ्मयाच्या वर्गातच शिकवले जाते. म्हणून हे काम केवळ विज्ञानशाखेवर सोडून आम्हांला चालणार नाही.

परंतु एकदा आमचीच फजिती झाली. उशीखाली कारल्याची फोड ठेवल्यास रक्तातील साखर उतरते, असा झकास मजकूर एका विद्यार्थिनीने लिहिला. वर्ग पोट धरून हसला. तिने तो गमतीने घरच्या गटावर टाकला. तिच्या मावशींनी दोन दिवस मधुमेहाच्या गोळ्या बंद ठेवल्या. सुदैवाने वेळीच कळले. "तू पाठवलंस म्हणून खरं वाटलं गं," एवढेच त्या म्हणाल्या.

ह्या एका वाक्याने आम्हांला जे शिकवले, ते आमच्या टाचणांत नव्हते. अफवा माणसांच्या मूर्खपणापेक्षा त्यांच्या परस्परविश्वासावर अधिक पोसते. तेव्हा उपरोधाचे लक्ष्य मावशी असता कामा नये. त्यांच्या विश्वासाचा फायदा घेणारी भाषा हेच त्याचे लक्ष्य.

आता आमचे नियम असे: रोग काल्पनिकच हवा, मजकुरावर 'विडंबन' असे ठळक लिहावे, तो वर्गाबाहेर जाऊ नये, आणि लिहिणाऱ्यानेच पुढच्या तासाला त्याची वीण उसवून दाखवावी. हे म्हणजे खोटे बोलण्याचे शिक्षण, असा आक्षेप काही सहकारी घेतात. त्यात तथ्य आहे. म्हणूनच उसवण्याचा तास आम्ही कधी चुकवत नाही. त्या तासाला मावशींचे ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवतो.