उमेदवारी की सरकारी खर्चाची वेठ?

बेकारीच्या प्रश्नाला हात न घालता बेकारांना कोठेतरी गुंतवून ठेवण्याची कला आपल्या राज्यकर्त्यांना चांगलीच साधली आहे. 2024 साली महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णाला दरमहा 6,000, आयटीआय वा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने; 2025 मध्ये ती अकरा महिन्यांवर नेली. पैसा सारा सरकारी तिजोरीतला. 2024 सालीच केंद्राने 500 बड्या कंपन्यांसाठी जाहीर केलेल्या योजनेत दरमहा 5,000 रुपयांपैकी 4,500 सरकारचे आणि कंपनीचे अवघे 500. तेही सामाजिक दायित्वाच्या निधीतून!

तरुणाच्या हाती चार पैसे पडतात, याला आमचा विरोध नाही. प्रश्न असा की, या व्यवहारात मालक काय देतो? माझी एक जुनी विद्यार्थिनी, अर्थशास्त्राची पदवीधर, अशाच एका आस्थापनेत रुजू झाली. सहा महिने तिने आवक-जावक नोंदी केल्या आणि निवृत्त कारकुनाची रिकामी खुर्ची सांभाळली. काय शिकलीस, असे विचारता ती म्हणाली, "सर, शिकवायला कोणी नव्हतंच. माझ्यानंतर आलेल्या मुलाला मीच शिकवून आले."

या एका वाक्यात योजनेचे सारे अर्थशास्त्र आहे. ज्या कामाला बारमाही माणूस लागतो ते प्रशिक्षण नव्हे, ती भरावयाची जागा होय. माणूस फुकट मिळू लागला की मालक नवी जागा निर्माण करीत नाही, असलेली भरण्याचे टाळतो. अनुदान तरुणाच्या नावे, लाभ मालकाच्या पदरी! आणि सरकारी कार्यालये याच वाटेने जातात तेव्हा सरकारच या मालकांचे अग्रणी ठरते.

1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा काही कामगारांचा कैवारी नव्हे. उमेदवार हा कामगार नाही, असे त्याचे 18 वे कलमच सांगते. तरीही प्रशिक्षणाची सोय करणे, त्यासाठी पात्र माणूस नेमणे आणि कामावर इजा झाल्यास भरपाई देणे, ही जबाबदारी त्याने मालकावर टाकली आहे. पदरचे विद्यावेतन देणाऱ्यावर एवढी बंधने, आणि ज्याला सरकार माणूस फुकट पुरवते त्याच्यावर याहून सैल, हा कोणता न्याय?

अटी घातल्या तर मालक दारे बंद करतील, असे सांगितले जाते. करू देत! शिकवण्याच्या अटीने जो दार लावतो, त्याने ते शिकवण्यासाठी उघडलेच नव्हते. लेखी अभ्यासक्रम, नेमलेला शिक्षक, ठरलेले तास, इजेची भरपाई आणि रिक्त पदावर उमेदवार बसवण्यास बंदी, एवढे तरी बंधनकारक झालेच पाहिजे.

आपल्या संघटनांनीही अंतर्मुख व्हावे. या मुलांना प्रतिस्पर्धी समजून आपण दूर ठेवले, तर मालकाचेच काम सोपे होईल. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात त्यांना गाठावे, कोणते काम करवून घेतले जाते याची नोंद करावी आणि ती कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवावी. लढ्याची सुरुवात तेथूनच होईल.