ओट्याशेजारचे मेज

घराची दुरुस्ती निघाली की पहिला हातोडा कशावर पडतो ते पाहावे. त्या घरात कोणाच्या कामाला किती किंमत आहे, हे तेवढ्यावरून कळते. बैठकीच्या खोलीतली टी. व्ही. ची भिंत शाबूत राहते. उलट थोडी रुंदच होते. देवघर इकडचे तिकडे हलते, पण हलते ते मानाने. यजमानांचे पुस्तकांचे कपाट वर्षानुवर्षे उघडलेले नसले, तरी "ते असू द्या हो" म्हणणारे कोणी तरी निघतेच. आणि स्वयंपाकघरात, ओटा जिथे संपतो तिथे भिंतीलाच जोडलेले एक अडीच फुटी मेज असते. खाली एक खण, वर दोन फळ्या, पुढ्यात एक स्टूल. ते मात्र कोणालाही न विचारता पाडले जाते. सजावटकार नकाशा पुढे करून म्हणतो, "मॅडम, ही जागा डेड आहे. इथे टॉल युनिट देतो." झाले! छतापर्यंत पोचणारे एक कपाट तिथे उभे राहते आणि त्यात वर्षातून दोनदा लागणारी पातेली जाऊन बसतात.

"डेड जागा" या दोन शब्दांशी माझे भांडण आहे. ते मेज ठेवावे, आणि नसेल तर नव्याने करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याविरुद्ध जे जे बोलले जाते, ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप असा की, हे मेज मुळात आपले नाही. अमेरिकन मासिकांतून उचललेले ते एक सोंग आहे. जन्म तिकडचा, हे खरे. पण तो कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. १९१३ साली ख्रिस्तीन फ्रेडरिक या बाईंनी 'द न्यू हाउसकीपिंग' हे पुस्तक लिहिले आणि कारखान्यातली शिस्त घरात आणा, असे गृहिणींना सांगितले. त्यांच्या मागोमाग आल्या लिलियन गिलब्रेथ. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या, बारा लेकरांना जन्म दिलेल्या आणि १९२४ साली पती गेल्यावर संसार व धंदा दोन्ही ओढणाऱ्या. १९२९ साली ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी त्यांनी नमुन्याचे स्वयंपाकघर आखले. शेगडी, ओटा, फळ्या अशा जवळ आणल्या की बाईची पावले वाचावीत. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तर गृहिणीसाठी त्यांनी आखलेले मेजच मांडले गेले. त्यात घड्याळ होते, रेडिओ होता, टेलिफोन होता, घरच्या कागदपत्रांच्या फायली होत्या. कारखान्याच्या व्यवस्थापकाला जे मेज मिळते तेच घर चालवणारीला मिळावे, एवढी साधी त्यामागची मागणी होती.

याच काळात युरोपात दुसरी एक बाई स्वयंपाकघर आखीत होती. ऑस्ट्रियाच्या वास्तुशिल्पी मार्गारेटे शुट-लिहोट्स्की यांनी १९२६ साली फ्रांकफुर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे एक आटोपशीर स्वयंपाकघर तयार केले. तशी सुमारे दहा हजार बांधली गेली. आज पुण्या-मुंबईच्या सदनिकांत जे 'मॉड्युलर किचन' बसवतात, त्याची ही पणजी. त्यातही खिडकीसमोर मेज आणि फिरते स्टूल होते, पण ते मेज भाजी चिरण्याचे. आपण वारसा घेतला तो या पणजीचा. तिने बाईचे हातपाय वाचवले, त्याबद्दल तिला नमस्कार. पण बाईला हातापायांखेरीज डोकेही असते, याची आठवण दुसरीने ठेवली होती.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या उपनगरांत घरे उठली, तेव्हा अनेक स्वयंपाकघरांत भिंतीवर टेलिफोन आणि त्याखाली असे मेज आले. भिंतीवरचा टेलिफोन गेला, तसे तिथल्या लोकांनाही मेज निरुपयोगी वाटू लागले. तिथे जुनी घरे विकत घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपुढेही आज हाच प्रश्न असतो: ठेवावे की काढावे?

मेज परके असेल, पण मेजावरचे काम परके नाही. आपल्या घरात ते काम पूर्वीपासून चालू आहे. फक्त त्याला बूड टेकायला जागा मिळाली नाही. ते कोनाड्यात चालले, फडताळात चालले, तांदळाच्या डब्याखाली दडवलेल्या वहीत चालले. १९७३ साली 'कालनिर्णय' निघाले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर जाऊन बसले. त्यातल्या चतुर्थ्या-एकादश्या छापलेल्या असतात. बाकीचे बाई लिहिते. दुधाचा खाडा, कामवालीची रजा, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, धाकट्याच्या औषधाचा दुसरा डोस. ही सगळी नोंद ती उभ्याने करते. एका हातात झारा, दुसऱ्यात दोऱ्याने बांधलेले पेन, आणि तारखेचा चौकोन अंगठ्याएवढा! कोणत्या कचेरीतला कारकून इतक्या गैरसोयीत जमाखर्च लिहील? त्याला टेबल-खुर्ची मिळेपर्यंत तो अर्जांवर अर्ज करील.

दुसरा आक्षेप घरातलीच माणसे करतात. "त्या मेजावर बसते कोण? नुसता पसारा पडलेला असतो." पसारा असतो, कबूल. पण तो कशाचा असतो ते जरा उचलून पाहा. विजेचे बिल, शाळेची सूचना, सोसायटीची नोटीस, डॉक्टरांची चिठ्ठी, कोणाच्या मुंजीची पत्रिका, चष्म्याचे घर, आणि यजमानांनी खिशातून काढून ठेवलेल्या पावत्या. यातले बाईचे स्वतःचे असे किती? घरातला प्रत्येक जण आपला कागद तिच्यासमोर आणून टाकतो, कारण त्याचा निकाल तीच लावणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. मेज काढल्याने कागद थांबत नाहीत. ते फ्रिजच्या डोक्यावर चढतात, जेवणाच्या टेबलावर पसरतात, आणि भरण्याची शेवटची तारीख उलटून गेल्यावर मिक्सरच्या मागे सापडतात. पसारा होतो म्हणून मेज पाडायचे, तर त्याच न्यायाने मोरीसुद्धा पाडावी लागेल!

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा: "आता सारे मोबाइलवर होते. हवेत कशाला मेज आणि वह्या?" बिले मोबाइलवर भरली जातात, सिलिंडर मोबाइलवर नोंदवता येतो, हे मी जाणते, मीही तेच करते. पण मोबाइलमधला हिशेब ज्याच्या हातात मोबाइल त्याचाच असतो. उघड्या वहीतला हिशेब घरातल्या सगळ्यांचा असतो. महिन्याच्या पंचवीस तारखेला वाण्याची यादी का आखडते, हे वहीवर नजर गेलेल्या पोराला न सांगता कळते. शिवाय मोबाइल मेजाची जागा घेतो हे म्हणणे किती खरे, ते २०२० साली टाळेबंदीत दिसले. कचेऱ्या घरी आल्या आणि ज्या घरांत 'जागाच नाही' होती, त्या घरांत रातोरात मेजे उगवली. पलंगाशेजारी, गॅलरीत, कपाट सरकवून, पण पुरुषाचा लॅपटॉप टेकला. त्याच घरातल्या नोकरी करणाऱ्या बाईचा लॅपटॉप बऱ्याच ठिकाणी कणकेच्या डब्याशेजारी, ओट्याच्या कडेवर उघडला गेला. मेजाची गरज संपली असती, तर त्या महिन्यांत पहिले मेज कोणी मांडले असते?

चौथा आक्षेप माझ्या शिकलेल्या मैत्रिणींचा आहे, आणि तोच मला सर्वांत वजनदार वाटतो. त्या म्हणतात, "स्वयंपाकघरात मेज देणे म्हणजे बाईला तिथेच बांधून घालणे. तिने लिहायचे तेही फोडणीच्या वासात? तिला स्वतःची खोली हवी." बरोबर आहे. ज्या १९२९ साली गिलब्रेथबाईंचे स्वयंपाकघर झाले, त्याच साली इंग्लंडात व्हर्जिनिया वुल्फ यांनी बाईला स्वतंत्र खोली आणि स्वतःचे पैसे हवेत, असे आपल्या पुस्तकात मांडले. त्या मागणीवर मीही सही करीन. पण दोन खोल्यांत पाच माणसे राहतात तिथे खोली कधी मिळायची? ती मिळेपर्यंत हातातले अडीच फूट सोडून द्यायचे, हा कुठला हिशेब? सजावटकाराचा नकाशा पाहिलात तर कळेल की, मेज काढून बाईला खोली कोणी देत नाही. मेज काढून कपाट देतात. तेव्हा खोलीसाठी जरूर भांडा, पण मेजावर बसून भांडा.

आणखी एक गोष्ट या मैत्रिणींनी ध्यानात घ्यावी. स्वयंपाकघरात केवळ ओटा असेल तर तिथे शिरणारा माणूस एकतर रांधतो, नाहीतर "झाले का?" असे विचारून निघून जातो. मेज असले म्हणजे इतरांना तिथे बसावे लागते. मी शिक्षिका आहे. ज्या मुलांचा अभ्यास आईच्या कानाशी होतो, त्यांचे पाढे मला वर्गात ओळखू येतात. आणि त्या मेजावर बसून बिले पाहणारा बापही मी पाहिला आहे. समोर दूध उतू जाऊ लागले तेव्हा त्याला उठावे लागले. हा लाभ काही लहान नाही.

कोणी म्हणेल, "बहिणाबाईंजवळ कुठे मेज होते?" हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागला आहे, आणि दर वेळी तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे समाधान असते. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्यांनी रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्याला मिळाली. ज्यांना सोपानदेव मिळाले नाहीत अशा किती बहिणाबाई दळण संपताच विसरल्या गेल्या, त्याची मोजदाद कोण करणार? रमाबाई रानडे यांचे आत्मचरित्र १९१० साली निघाले. सून लिहायला-वाचायला बसते म्हणून घरातल्या बायकांचे किती टोमणे त्यांनी सोसले, ते त्यात वाचायला मिळते. बाईने घरात उघडपणे, सर्वांसमक्ष कागद घेऊन बसणे ही गोष्ट आपल्याकडे फुकट मिळालेली नाही. माझ्या दोन कादंबऱ्या अशाच मेजावर, कुकरच्या शिट्ट्या मोजीत झाल्या. त्या बऱ्या की वाईट ते वाचकांनी ठरवावे. पण मेज नसते तर त्या झाल्याच नसत्या, एवढे मी सांगू शकते.

आता न्यायाने बोलायचे, तर प्रत्येक मेज ठेवण्याच्या लायकीचे असतेच असे नाही. जे शेगडीला इतके लागून आहे की कागद तेलकट होतात, जे मोरीशेजारी असून सदा ओले असते, ज्याच्याखाली खण असे ठासले आहेत की गुडघे जात नाहीत, ते मोडावे; पण मोडून योग्य ठिकाणी पुन्हा करावे. माप साधे आहे. ओटा बहुधा बत्तीस ते चौतीस इंच उंच असतो. मेज एकोणतीस-तीस इंचांच्या वर नको. लांबी अडीच फूट, खोली दीड फूट पुरे. उजव्या हाताने लिहिणारीला उजेड डावीकडून यावा. एक दिव्याचे बटण आणि मोबाइल लावायला एक प्लग जवळ हवा. पाठ टेकेल अशी खुर्ची हवी. स्टूल माणसाला फार वेळ बसू देत नाही. आणि एक खण कुलपाचा असावा. त्याची किल्ली बाईकडे राहील आणि आत काय आहे ते तिला कोणी विचारू नये. टॉल युनिटपेक्षा या सगळ्याला लाकूडही कमी लागते.

काढायचेच असेल, तर निदान त्या घरात एक प्रश्न मोठ्याने विचारला जावा: "तू इथे का बसत नाहीस?" उत्तर "गरज नाही" असे आले तर खुशाल काढा. पण उत्तर "बसायला वेळच कुठे मिळतो?" असे आले, तर दोष मेजाचा नाही, आणि हातोडा भलत्याच जागी पडणार आहे, हे समजून असा.

दिवाळीत दुकानादुकानांतून वहीपूजन होईल. चोपड्यांना गंध-फूल वाहिले जाईल, कारण त्यांत व्यापाऱ्याचे वर्ष लिहिलेले असते. आपल्या घराचे वर्षही कोणी तरी लिहिते: कधी कॅलेंडरच्या चौकोनात, कधी लिफाफ्याच्या पाठीवर. त्या वहीला फूल वाहिले नाही तरी चालेल. ती उघडायला अडीच फूट जागा ठेवा.