ओढीच्या होडीवरील इंजिन

मोठ्या नौकेमागे लहान होडी ओढीत नेताना तिच्या पिछाडीच्या फळीवरचे आउटबोर्ड इंजिन काढण्याची यातायात व्यर्थ आहे, फळीला धरणारे दोन स्क्रू घट्ट पिळून, पंखा पाण्याबाहेर उचलून वर एक दोरी आवळली की बंदोबस्त पुरा झाला, असे मानणारा एक पक्ष नौकाविहारी मंडळींत आहे. आणि तो निव्वळ आळसाचा पक्ष म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे होईल. इंजिनाच्या भाराने नाळ उचललेली राहून होडी सरळ मागे येते, हा त्यांचा एक दाखला; हेलकावणाऱ्या दोन नौकांमध्ये पंचवीसेक किलोंचा जिन्नस हातोहात देताना तोच समुद्रार्पण होईल, हा दुसरा.

पहिला दाखला स्थिर पाण्यापुरता खरा. परंतु मुंबईहून मालवणकडे निघालेल्या नौकेस मोसमात दुपारनंतर बहुधा वायव्येचा वारा लाभतो, आणि त्याच्या लाटा मागून येतात. अशी लाट रिकाम्या होडीला पुढे लोटते, ओढीचा दोर सैल पडतो, होडी आडवी फिरते आणि पुन्हा ताणलेला दोर तिला उलथवतो. ज्या भाराने नाळ उचलली तोच भार अशा वेळी पिछाडी दाबून लाटेला आत वाट देतो. शिवाय वर कललेल्या इंजिनाचे वजन उंचावर असल्याने होडीचा तोल अधिकच नाजूक होतो. रबरी होडीत तर नाळेखाली वारा शिरला की पिछाडीचे इंजिन तिला धरून ठेवण्याऐवजी उलटण्याची बिजागरीच ठरते. मग जितकी बांधणी पक्की, तितके इंजिन त्या पालथ्या होडीखाली निश्चित अडकलेले! खारे पाणी कार्ब्युरेटरवाटे सिलिंडरात जाते, आणि गोड्या पाण्याने धुऊन ते तत्काळ चालू केले नाही तर गंज आपला अंमल बसवतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मात्र तो इंजिन काढण्याविरुद्ध नसून अवेळी काढण्याविरुद्ध आहे. नांगर उचलण्यापूर्वी, आश्रयाच्या पाण्यात, इंजिनाला बांधलेल्या दोरीचे टोक मोठ्या नौकेवर अडकवून मगच स्क्रू सोडावेत आणि कप्पीने ते वर घ्यावे, म्हणजे हात निसटला तरी इंजिन तळाला जात नाही. ओले एव्हिनरूडने 1909 साली मिलवॉकीत या जातीच्या इंजिनांचा कारखाना काढला, तेव्हापासून ते होडीवरून सुटे करता येते हाच त्याचा मोठा गुण. तो वापरण्याची टाळाटाळ का व्हावी, हे आम्हांस उमगत नाही. वर घेतलेले इंजिन कठड्यावरच्या लाकडी ठोकळ्याला उभे लावावे, पेट्रोलची तोटी व टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र बंद करावे. फोर-स्ट्रोक इंजिन आडवे ठेवणे भाग पडल्यास कारखान्याने मुक्रर केलेल्या बाजूवरच ठेवावे, नाहीतर तळातील तेल सिलिंडरात उतरते.

जयगडच्या खाडीत नांगरापासून धक्क्यापर्यंत जायचे असेल, तर इंजिन जागेवर राहण्यास आमची हरकत नाही. मात्र तेव्हाही सुरक्षेची दोरी पिछाडीच्या फळीला न बांधता होडीच्या भक्कम कडीला बांधावी. जुन्या होडीत ती फळी आतून कुजलेली असणे नवलाचे नाही.